पडद्याची ओळ

सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हाक तीच राहिली. पुढच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून ती अशा मशिनांसाठी फ्लॉप्या करून देई, ज्यांना बनवणारेही आता विसरले होते. तळहाताहून मोठी, वाकणारी, काळी फ्लॉपी. नुसत्या फायली उतरवून भागत नाही. तिच्या अगदी पहिल्या भागावर मशीन जागं करणारा मजकूर बसवावा लागतो. तो चुकला की मशीन ढिम्म. या फ्लॉप्या लिहू शकणारा ड्राइव्ह आता गावभरात तिच्याकडेच उरला होता.

"आमच्या सुनेला जित्या माणसांपेक्षा मेलेली मशिनं बरी कळतात," सासू म्हणे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते तिचं तिलाच ठाऊक.

दीर पत्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तिथल्या मोठ्या प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा होता. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबे. पडदा चालू करणारी एक ओळ वहिनीच्या फ्लॉपीत असे. ओळीच्या आधी तीन अक्षरं टाकली की प्रेसचा कॉम्प्युटर त्या ओळीकडे कानाडोळा करतो. दोन वर्षांपूर्वी दिराने तेवढंच मागितलं होतं. पडदा उगाच अडतो, काम खोळंबतं, म्हणाला. घरचाच माणूस. तिने तीन अक्षरं टाकली.

चौथ्या महिन्यात काडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. वहिनी दवाखान्यात गेली तेव्हा त्याची बायको त्याला भरवत होती. माझंच लक्ष नव्हतं, वहिनी, असं म्हणून त्याने उलट तिचीच समजूत काढली.

यंदा त्या फ्लॉपीला बुरशी आली. दिराने नवी मागितली, अगदी तशीच. तिने ती तीन अक्षरं काढून फ्लॉपी दिली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी तो घरी आला आणि त्याने आतून कडी घातली. प्रेस तासाला तीसदा थांबतेय, असं तो अगदी हळू म्हणाला. पडदा चालू आहे, ती म्हणाली. तिचा चष्मा भिंतीवर जाऊन फुटला, तेव्हा कुठे तिला थप्पड कळली.

"ओळ बंद कर."

इतक्या वर्षांत त्याने तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं. तिने हात मांडीवर ठेवले. त्याने केस धरून तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. कीबोर्डच्या फटींत रक्त उतरलं. सासू मधे पडली, तर त्याने आईलाही कोपराने ढकललं. म्हातारी भिंतीशी बसली ती बसलीच. मग त्याने वहिनीचा उजवा हात खणात दाबला आणि खणाला लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

"डाव्या हाताने लिही."

"काडीही डाव्याच हाताने जेवतो, भाऊजी."

त्याने लोखंडी स्टूल उचललं. तिने डोकं झाकलं, पण स्टूल कॉम्प्युटरवर कोसळलं. काच उडाली. दुसऱ्या घावात ड्राइव्हचं तोंड आत गेलं, तिसऱ्यात त्याचा बारीक दांडा बाहेर लोंबू लागला. मग कोऱ्या फ्लॉप्या. त्या त्याने एकेक करून बुटाखाली चिरडल्या.

दमून तो थांबला. आता दुसरा कॉम्प्युटर आणतो आणि तुझ्याकडूनच करून घेतो, म्हणाला.

"कॉम्प्युटर मिळेल." तिच्या तोंडात रक्त साचलं होतं, ते तिने गिळलं. "हा ड्राइव्ह मिळणार नाही. तुमच्या प्रेसला नुसती चार बटणं आहेत, तिला फ्लॉपी फक्त वाचता येते. लिहिणारा हा एकच होता. प्रेसमध्ये आहे ती फ्लॉपी शेवटची. ती मोडलीत तर प्रेसच बंद."

त्याला कळायला वेळ लागला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि ड्राइव्हचं वाकलेलं तोंड अंगठ्याने सरळ करू लागला. पत्र्याने अंगठा कापला, तरी तो जोर लावत राहिला.

सासू भिंतीला धरून उठली. तिने कडी काढली, दार सताड उघडलं आणि गल्लीत उभी राहून, एखादा निरोप सांगावा तशा आवाजात म्हणाली, "कोणीतरी या. माझ्या मुलाने माझ्या सुनेला मारलंय."