सर्वांत छोट्या राज्याचा नकार

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या सरांचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. प्रवेशाचा अर्ज वडिलांना भरता येत नव्हता आणि मलाही. सरांनी शाळेच्या पायरीवर बसून तो माझ्याकडून भरून घेतला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी मी अडखळलो, तेव्हा ते म्हणाले, "शिंपी लिही. नीट अक्षरात लिही." त्या अर्जामुळे मी आज कॅनडातल्या रेजिना शहरात सरकारी नोकरी करतो. दर वर्षी मी सरांना एक पत्र पाठवतो. यंदाचं जरा लांबलं.

इथलं आमचं मराठी मंडळ रेजिना, वेबर्न आणि मूस जॉ या तीन गावांचं आहे. मुलांचा मराठीचा वर्ग एका रविवारी एका गावात, पुढच्या रविवारी दुसऱ्या गावात भरतो. हिवाळ्यात हायवेवर बर्फ उडायला लागला की वर्ग रद्द होतो, आणि गेल्या हिवाळ्यात तो इतक्यांदा रद्द झाला की पाचच मुलं उरली. त्यांतली एक माझी मुलगी. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. वर्ग मोडला तर विचारणंही थांबेल, याची मला धास्ती होती. वर्ग कायमचा रेजिनात ठेवावा असं मी सुचवलं. वेबर्नची मंडळी तशीही ग्रोसरीला इकडेच येतात, ती तयार झाली. मूस जॉच्या डॉक्टरकाकांनी मात्र फोनवर एका शब्दात नाही म्हटलं. प्रत्येक गावाला एक मत आणि तिघांच्या संमतीशिवाय कुठलाच नियम बदलायचा नाही, हा नियम त्यांनीच पूर्वी लिहिला होता.

असा नियम आणखी कुणी केला असेल का, या कुतूहलाने मी लायब्ररीतून अमेरिकेच्या सुरुवातीच्या राज्यकारभारावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. स्वातंत्र्य मिळालं आणि लगेच राज्यघटना आली, असंच मी धरून चाललो होतो. पण मध्ये काही वर्षं तिथे वेगळाच करार होता. तेरा राज्यं, प्रत्येकाला एक मत, आणि बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. म्हणजे थेट आमचं मंडळ. त्या करारात चक्क कॅनडाचं नाव सापडलं. कॅनडा आपणहून सामील झाला तर त्याला सरळ घ्यावं. दुसरी कुठली वसाहत आली तर नऊ राज्यांची परवानगी लागेल. कॅनडासाठी दाराशी ठेवलेल्या त्या रिकाम्या खुर्चीची गोष्ट मी ऑफिसातल्या सगळ्यांना जेवताना सांगत सुटलो.

पुढे आणखी गंमत होती. करार दुरुस्त करायला जमलेल्या लोकांनी तो बाजूला ठेवून नवीच घटना लिहिली आणि तेराऐवजी नऊ राज्यांचा होकार पुरे, असं त्यातच लिहून टाकलं. सर्वांत छोट्या ऱ्होड आयलंडने तर माणूसच पाठवला नव्हता.

आमच्या बेसमेंटमध्ये मीटिंग झाली तेव्हा मी हे सगळं रंगवून सांगितलं. वेबर्नच्या ताई म्हणाल्या, म्हणजे आपणही तिघांतले दोघं पुरे. हात वर झाले, ठराव झाला. डॉक्टरकाका वाद न घालता बूट चढवायला बसले.

"अरे, जे आले त्यांचीच गोष्ट सांगितलीस," ते म्हणाले. "जे आलं नाही, त्या राज्याचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी तिथवर वाचलंच नव्हतं.

"मग वाच. बाहेर गारठलेली गाडी गरम होईपर्यंत मी थांबतो."

सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. दुसऱ्या दिवशी राहिलेली पानं वाचली आणि त्या शनिवारी मूस जॉ गाठलं. तिथे काय कळलं ते सरांना लिहिलेल्या पत्रात आहेच.

सर, नमस्कार.

यंदा पत्राला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही घडेपर्यंत थांबलो. एक चूक केली आणि ती अर्धवट वाचून केली. ऱ्होड आयलंड शेवटी सामील झालं, पण सर्वांत शेवटी, नवं सरकार कामाला लागल्यावर. नागरिकांच्या हक्कांचं काय, असं विचारत इतर काही राज्यंही अडून बसली होती, आणि ते हक्क पुढे घटनेत घालावे लागले. नकारामागे मागणी असते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मूस जॉमध्ये दोन नवी मराठी कुटुंबं आली आहेत. दोघांत मिळून एक गाडी, तीही रविवारी शिफ्टला जाते. त्यांची तीन मुलं रेजिनाला येणार कशी? मीटिंगमध्ये हे का नाही सांगितलं, असं मी डॉक्टरकाकांना विचारलं. ते म्हणाले, "कुणी विचारलं?"

आम्ही झालेला ठराव रद्द केला. आता हिवाळ्यात वर्ग रेजिनात भरेल, आणि रेजिनाची एक गाडी शक्यतो त्या मुलांना आणेल, असा मसुदा मी नेला. काकांनी 'शक्यतो' खोडलं आणि सही केली. पहिली फेरी माझी आहे. गाडीला बर्फात चालणारे विंटर टायर काल बसवले.

एक मात्र अजून सुटत नाही. त्या लोकांनी आपलाच नियम मोडून नवा नियम केला आणि देश उभा राहिला. वर्गात कुणी उठून विचारलं असतं, हे बरोबर की चूक, तर तुम्ही काय सांगितलं असतंत?