मस्टरवरच्या त्रेचाळीस जणी

भिंगारच्या दमयंतीबाईंसमोर सुमंतसाहेबांचं नाव काढायचं नाही, हे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नाव निघालं रे निघालं की बाईंच्या हातातलं काम थांबायचं, आणि मग समोरच्याची अर्धा तास सुटका नसायची. "मेल्यानं माझ्या नावाला काळं फासलं," इथून सुरुवात. त्यांचा नवरा केदार मुकाट्यानं चपला घालून बाहेर पडायचा. नऊ वर्षं तेच ऐकून बिचाऱ्याचे कान किटले होते.

घडलं होतं ते असं. बाई तेव्हा नगरच्या एका सर्वेक्षण कचेरीत कंत्राटावर होत्या. गावोगाव जायचं, घरात कोण काय काम करतं, वर्षात किती दिवस काम मिळालं, ते विचारायचं आणि फॉर्मात भरायचं. अकरा वर्षं त्यांनी हेच केलं. कधी एसटीनं, कधी टमटमनं, नाहीच काही मिळालं तर पायी. त्या साली त्यांच्या वाट्याला खडकमाळवाडी आली. चाळीस घरांची वस्ती. रोजगार हमीच्या कामावर कुणी गेलं होतं का, असं त्यांनी दारोदार विचारलं, तर मोजून चार बायकांची नावं मिळाली. आणि तिकडं सरकारी मस्टरवर, म्हणजे हमीच्या कामाच्या हजेरीपटावर, त्याच चाळीस घरांतल्या त्रेचाळीस बायका डोंगराला चर खोदत होत्या!

सुमंतसाहेब त्यांचे पर्यवेक्षक. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात सदा नियम. त्यांनी सगळ्या कचेरीसमोर बाईंना उभं केलं.

"मस्टरवर अंगठे आहेत, सह्या आहेत. तुमच्याकडे काय आहे, दमयंतीबाई? मी स्वतः वाडीत जाऊन फेरतपासणी केली. मस्टर बरोबर आहे. तुम्ही घरी बसून फॉर्म भरलेत."

हेच वाक्य त्यांनी फाइलमध्ये लिहिलं. पुढच्या महिन्यात कंत्राटी लोकांच्या यादीतून बाईंचं नाव गेलं. नोकरीचं एक वेळ सोडा, बाईंनी पुढं एका दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम धरलं आणि घर चालवलं. पण घरी बसून? चैत्राच्या उन्हात त्या माळावर पायाला फोड आले होते, ते काय घरी बसून? त्या दिवसापासून बाईंना एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडानं हा आरोप केला, त्याच तोंडानं, चार लोकांसमोर, तो खोटा होता असं वदवून घ्यायचं. दुसरं काही नको.

नऊ वर्षं गेली. नगरचं अहिल्यानगर झालं, सुमंतसाहेब बढती मिळून कचेरीचे प्रमुख झाले. आणि यंदा एक दिवस पुण्याच्या एका संस्थेतली स्नेहल नावाची मुलगी बाईंचं घर शोधत आली.

"मॅडम, खडकमाळवाडीचे फॉर्म तुम्हीच भरले होते ना? आम्ही अभ्यास करतोय. तेच काम सरकारी नोंदीत एक दिसतं, सर्वेक्षणात दुसरं दिसतं. चूक कुणाची, किती आणि कशी होते, ते बघायचंय. तुम्ही परत त्या घरांत जाल?"

तिच्या पिशवीत सगळं होतं. बाईंचे जुने फॉर्म, मस्टरच्या झेरॉक्स, आणि सुमंतसाहेबांच्या फेरतपासणीचे कागद. बाईंनी ते कागद झडप घालून हातात घेतले. आता बघतेच तुला, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि स्नेहल दचकली.

स्नेहलच्या दोनच अटी होत्या. ज्या बाईचं नाव मस्टरवर आहे, तिलाच विचारायचं. आणि विचारताना घरातला पुरुष जवळ नको.

वाडीत पहिलं घर मच्छिंद्रचं. सात एकराचा बागायतदार, दारात ट्रॅक्टर. नशिबानं तो सोनईच्या बाजारात गेला होता. त्याची बायको बनुबाई कांदाचाळीपुढं बसून कांदा निवडत होती. बाई तिच्याशेजारी टेकल्या आणि, ही नाहीच म्हणणार, अशा खात्रीनं त्यांनी विचारलं, "काय हो, त्या साली तुम्ही हमीच्या कामावर गेला होतात का?"

"गेल्ते की," बनुबाई म्हणाली. "एकवीस दिस."

बाईंचा पेन थांबला. "अहो, मग तेव्हा मला नाही का म्हणालात?"

"मी कवा म्हनले? तुमी वट्यावर बसून आमच्या मालकांना इचारलं. मी आत भाकऱ्या थापीत हुते. ते म्हनले, आमच्या घरच्या बायका न्हाईत जात हमीवर. बागायतदाराची बायकू खड्डं खांदती म्हनल्यावर लोक नावं ठिवत्याल ना! तुमी लिवलं, च्या प्याला, गेला."

बाईंना आठवलं. हो, असंच झालं होतं. दिवसाला दहा घरं उरकायची, तर कोण आत डोकावतंय? ओट्यावर जो बसलेला तो सगळ्या घराचं सांगायचा आणि बाई लिहून घ्यायच्या.

"एकवीस दिस खांदलं म्या," बनुबाई कांद्याची पात मुरगाळत म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "त्यांनी न्हाई म्हनून सांगितलं, तुमी न्हाई म्हनून लिवलं. आता तरी लिवा की!"

बाईंनी लिहिलं नाही. पेन तसाच धरून त्यांनी मस्टरची झेरॉक्स पुढं सरकवली. "बरं, ही तुमच्याच आडनावाची आक्काबाई कोण?"

"माजी चुलतसासू. तिला जाऊन त्या वक्ताला दोन वर्सं झाल्ती."

बाईंनी फेरतपासणीचा कागद काढला. सुमंतसाहेबांचं सुबक अक्षर. आक्काबाई: समक्ष भेट. काम केल्याचे स्वतः सांगितले. खाली सही.

बाई तिथंच, कांद्याच्या पसाऱ्यात, खदाखदा हसल्या. डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. घरी बसून फॉर्म भरणारा कोण होता ते आता कळत होतं!

तीन दिवसांत चाळीस घरं झाली. मस्टरवरच्या त्रेचाळीसांपैकी खरंच कामावर गेलेल्या निघाल्या सतरा. सव्वीस नावं बोगस. कुणी मेलेली, कुणी लग्न होऊन सासरी गेलेली, कुणी कधी कुदळ न धरलेली. पण सतरातल्या चारच बाईंच्या जुन्या फॉर्मात होत्या. तेरा बाईंच्या हातून सुटल्या होत्या.

शेवटच्या दिवशी एसटीत बसून बाई त्या तेरा कोऱ्या रकान्यांकडं बघत राहिल्या. स्नेहल पुण्यात. ती काही पडताळायला येणार नव्हती. तेरा ठिकाणी 'नाही' लिहिलं की सुमंत उताणा पडत होता आणि बाई धुतल्या तांदळासारख्या बाहेर येत होत्या. लिहावं? बाईंनी पेनाचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं. मग त्यांना स्वतःचाच संताप आला. बसल्या जागी खोटं भरलं, तर त्या माणसाचं म्हणणं खरं ठरेल! नऊ वर्षं शिव्या घातल्या त्या काय ह्यासाठी? त्यांनी दात-ओठ खात तेरा वेळा 'हो' लिहिलं. सगळ्यात आधी बनुबाईचं.

बैठक नगरलाच झाली. वीसेक अधिकारी, पुण्याची माणसं, आणि मधल्या खुर्चीत सुमंतसाहेब, चार महिन्यांवर निवृत्ती आलेले. स्नेहलनं बाईंना बोलायला उभं केलं.

"आधी माझी चूक सांगते," बाई म्हणाल्या. "मी ओट्यावरच्या पुरुषांना विचारलं, आतल्या बायकांना विचारलं नाही. तेरा जणी माझ्या हातून सुटल्या."

सुमंतसाहेब मागं रेलले. "बघा! मी तेव्हाच म्हणालो होतो."

"काय म्हणाला होतात साहेब, तेही सांगा ना."

"जाऊ द्या, जुनी गोष्ट."

"नाही, जाऊ द्यायचं नाही." बाईंनी फेरतपासणीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि त्याच्याशेजारी ग्रामपंचायतीतला आक्काबाईच्या मृत्यूचा दाखला. "ह्या बाईंना तुम्ही समक्ष भेटलात. त्या तुमच्याशी बोलल्या. त्याआधी दोन वर्षं त्या वारल्या होत्या. कुठं भेटलात साहेब? कुठल्या रस्त्यानं गेला होतात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पुण्याच्या संस्थेच्या प्रमुखांनी दाखला उचलून तारीख वाचली, मग सही वाचली, आणि चष्मा काढून सुमंतसाहेबांकडं बघितलं. साहेबांच्या कपाळावर घाम फुटला होता.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "चुका दोघांच्याही झाल्या. चार महिने राहिलेत माझे. मिटवून टाकू."

"माझी चूक मी आत्ता सगळ्यांदेखत सांगितली. आता तुमची तुम्ही सांगा. दमयंतीबाई त्या वाडीत गेल्या होत्या, मी गेलो नव्हतो. एवढंच म्हणा."

कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही. साहेब टेबलाकडं बघत पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

"दमयंतीबाई गेल्या होत्या," सुमंतसाहेब मोठ्यानं म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "मी गेलो नव्हतो."

"लिहून घे गं स्नेहल," बाई म्हणाल्या. "आणि खाली त्यांची सही घे. माझ्यासमोर."

सही होईपर्यंत त्या उभ्याच राहिल्या. साहेबांनी पेन खाली ठेवला आणि हात जोडून वर बघितलं. "आता तरी माफ करा."

"नाही," दमयंतीबाई म्हणाल्या, आणि पुढच्या कागदावरची तेरा नावं एकेक करून वाचायला लागल्या.