रिंकीची बिदाई

सौंदडचा धनेंद्र पटले घरोघरी जाऊन प्रोजेक्टर दुरुस्त करायचा. २०१२च्या उन्हाळ्यात सुशिलाबाईंनी त्याला बोलावलं. त्यांची लेक रिंकी आदल्या वर्षी बाळंतपणात गेली होती. तिच्या लग्नाची सीडी त्या रोज भिंतीवर पाहायच्या, पण प्रोजेक्टर तापून मध्येच बंद पडायचा.

धनेंद्रने प्रोजेक्टरची हवा आत घेणारी जाळी काढली. तिच्यात शेजारच्या राईस मिलची धूळ गच्च बसली होती. ती साफ केल्यावर चित्र थांबेना. हळद झाली, फेरे झाले, बिदाई आली. रिंकी आईच्या गळ्यात पडून रडत होती.

"बंद कर बाबू," सुशिलाबाई म्हणाल्या. "एथवर कधी पोहोचलाच नाही हा प्रोजेक्टर. पाहवत नाही मले."

त्याने बटण दाबलं. दिवा विझला, तरी आतला पंखा दिवा थंड करत फिरत राहिला. तो थांबेपर्यंत धनेंद्र त्यांच्याजवळ बसून होता.