मंगळवारची आई

सोमवारी ज्या माणसाच्या शेतात ती निंदायला वाकलेली असायची, तोच माणूस मंगळवारी तिच्या अंगणात येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवायचा. आणि ती भर लोकांत त्याला विचारायची, "उठ रे गाढवा. घरात सुनेला उपाशी ठेवून ऱ्हायला, अन् माझ्यापाशी बरकत मागतूस?" तो मान खाली घालायचा. बुधवारी पुन्हा तिचा पदर कपाळापर्यंत आलेला, नजर पायाच्या अंगठ्यावर, आणि बोलणं इतकं बारीक की शेजारी बसलेल्या बाईलाही दोनदा विचारावं लागे. एकाच बाईत इतकं अंतर मी त्यानंतर कुठे पाहिलं नाही.

तिचं नाव रुखमाबाई. हिंगोलीकडच्या पुसेगावपासून आत गेलेल्या रस्त्यावर तिचं गाव. नवरा पुसेगावात हमाली करायचा, ती लोकांच्या शेतात रोजाने जायची. पण मंगळवारी दुपारनंतर तिच्या अंगात देवी यायची, आणि त्या वेळेपुरती ती सगळ्या गावाची आई असायची. मी तिला मावशी म्हणत असे, मंगळवारीसुद्धा. तिने कधी हरकत घेतली नाही.

मी तेव्हा एका संस्थेत काम करत होते. बायकांचे गट बांधायचे, आरोग्याच्या बैठका घ्यायच्या. आमचे सर तळमळीचे होते, स्वतः खेड्यातून वर आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "त्या बाईच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. एकीकडे विज्ञान सांगायचं आणि दुसरीकडे तिथे जाऊन बसायचं, हे चालणार नाही." मला ते पटलंही होतं. पण माझ्या बैठकीला चार टाळकी आणि तिच्या अंगणात सगळं गाव, असं दोन-तीनदा झाल्यावर एका मंगळवारी मी चप्पल बाहेर काढली आणि मागे जाऊन बसले. माझ्या एका बाजूला मुसलमान गल्लीतली एक म्हातारी लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिने सरकून मला जागा दिली.

त्या दिवशी कल्पना नावाच्या एका सुनेला तिच्या सासूने आणलं होतं. पोरगी पांढरीफटक, दोन पावलं चालली की धाप लागायची. सासूचं म्हणणं, माहेरच्या भावकीतल्या कुणीतरी करणी केली. रुखमाबाई केस सोडून घुमत होती. ती एकदम थांबली आणि सासूवर ओरडली, "करनी न्हाई अन् काई न्हाई. रगत न्हाई हिच्या आंगात. सगळ्यायच्या मागून जेवती, खरवड खाती. आजपासून ही तुझ्या आधी जेवल. अन् उद्या हिला हिंगोलीच्या दवाखान्यात ने. तिथल्या गोळ्या म्या दिल्या असं समजून खाऊ घाल." सासू थरथर कापत हो हो म्हणत होती. पुढे काही महिन्यांनी मी कल्पनाला डोक्यावर गवताचा भारा घेऊन ताठ चालताना पाहिलं. तिच्या गालांवर रंग आला होता.

देवीला रक्त कमी असल्याचं कसं कळलं, हे कोडं फार दिवस टिकलं नाही. गावची आशा कार्यकर्ती सुनंदा सकाळी हापशावर रुखमाबाईला भेटायची. सुनंदा बौद्ध घरातली, देव-देवीला हात न जोडणारी. ती अंगणात यायचीच नाही, पण हापशावर सगळं सांगायची. अमक्या घरी बाळाला डोस देत नाहीत, तमकीला नवरा मारतो, तिसरीला पाचव्यांदा दिवस गेलेत. मी तिला विचारलं तेव्हा ती हसली. "ताई, माझा तिच्या देवीवर विश्वास न्हाई. तिच्यावर हाय. गोळ्या माझ्या, हुकूम तिचा. काम व्हतंय ना?"

एकदा कापूस वेचताना मी मावशीला सरळच विचारलं, खरंच येतं का अंगात? राग येईल असं वाटलं होतं. तिने बोंडातून कापूस ओढून ओटीत टाकला. मग म्हणाली, "कधी येतं. कधी आनाव लागतं. आनल्यावर येतंच असंबी न्हाई."

"पहिल्यांदा कधी आलं?"

"आमच्या मालकानं कुऱ्हाडीचा दांडा उचलला व्हता तवा. माझ्या तोंडातून असा आवाज निघाला, की माझं मलाच भेव वाटलं. त्यानं दांडा टाकला अन् पाया पडला. तवापासून हात न्हाई लावला." पुढच्या झाडाशी सरकत ती म्हणाली, "म्या बोलले तं घरातलं मांजर ऐकत न्हाई, ताई. ती बोलली तं गाव ऐकतं. मंग तिला काहून बोलू देऊ नये?"

सरांकडे याचं उत्तर होतं. ते म्हणायचे, आज ती चांगलं सांगते, उद्या वाईट सांगेल, आणि लोकांना विचार करायची सवय कधी लागणारच नाही. हेही खोटं नव्हतं. मी दोन्हींच्या मध्ये काम करत राहिले. पूजा नावाच्या दहावीतल्या मुलीचं लग्न जमलं, तेव्हा सुनंदा आणि मी तिच्या बापाला कायदा सांगून दमलो. तो चहा पाजायचा आणि विषय बदलायचा. मंगळवारी देवीने त्याला उभं करून सांगितलं, "यंदा न्हाई. फुडल्या साली न्हाई. पोरीची बारावी व्हऊ दे, मंग माझ्याकडं ये." त्याने पाहुण्यांना नारळ परत केला. त्या दिवशी पूजा माझ्याकडे पाहून हसली नाही, देवीकडे पाहून हसली. मला थोडं लागलं, पण मुलगी शाळेत होती.

मग सोयाबीन काढणीचे दिवस आले. शुक्रवार होता. सुनंदा कामासाठी सेनगावला गेली होती, मी बायकांची वाट पाहत मारुतीच्या पारावर बसले होते. शेताकडून आरडाओरडा ऐकू आला. चार माणसं एका बाईला चादरीच्या झोळीत घालून पळत आणत होती. ती कल्पना होती. ढीग उचलताना तिच्या हाताला साप चावला होता. मला वाटलं, ते तिला रस्त्याकडे नेतील. ते मावशीच्या अंगणाकडे वळले.

मावशी घरीच होती, भाकरी करत होती. पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि एका नजरेत समजली. "इथं काहून आनलं? दवाखान्यात न्या! बिगी न्या!"

कल्पनाची सासू पुढे झाली, तिने हात जोडले. "तुमी नका बोलू, रुखमाबाई. आईला बोलू द्या. आईनंच वाचिवलं व्हतं हिला."

"अवो म्याच सांगून ऱ्हायले ना! न्या तिला!"

"आईला बोलवा," मागून पुरुष म्हणाले. "आज वार न्हाई, पर अडचन हाय म्हनावं."

मी ओरडून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. जीप असलेलं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी तिकडे धावले. गाडीवाला तयार होऊन गाडी अंगणापर्यंत येईस्तोवर जेवढा वेळ गेला, तेवढा वेळ कल्पना तिथेच पडून होती. मी उतरले तेव्हा मावशी मधोमध उभी राहून घुमत होती. केस सोडलेले, हाताला अजून पीठ. ती देवीच्या आवाजात ओरडायचा प्रयत्न करत होती, पण आवाज फाटत होता, मध्येच रडू फुटत होतं. अशी घाबरलेली देवी लोकांनी कधी पाहिली नव्हती. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "न्हाई आली अजून."

तेव्हा मावशीने घुमणं थांबवलं. ती खाली वाकली, कल्पनाच्या काखेत हात घालून तिला एकटीने उचललं आणि ओढत जीपकडे नेऊ लागली. कुणीतरी अडवायला पुढे झालं, त्याला तिने खांद्याने ढकललं. आम्ही दोघींनी कल्पनाला मागच्या सीटवर घेतलं. तिच्या पापण्या मिटत होत्या. मावशी सारखी तिच्या गालावर थापट्या मारून म्हणत होती, "कल्पना, माझ्याकडं बघ. बघ माझ्याकडं." सेनगावच्या दवाखान्याच्या अलीकडेच तिने बघणं बंद केलं.

पुढच्या मंगळवारी अंगण भरलं. मावशी ओसरीवर बसली होती, केस बांधलेले, पदर डोक्यावर. तिने देव्हाऱ्याकडे पाठ केली आणि तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात सांगितलं, "आता कुनी येऊ नका. देवी फार कमी यायची. पुष्कळदा म्याच बोलत व्हते." मागच्यांना ऐकू आलं नाही. पुढच्यांनी त्यांना सांगितलं. मला वाटलं, लोक चिडतील, दगड मारतील. तसं काही झालं नाही. त्यांनी विश्वासच ठेवला नाही. आई रुसली, असं म्हणत ते खणा-नारळासह घरी गेले आणि पुढचे कितीतरी मंगळवार परत आले. हळूहळू कमी झाले. शेवटी शेजारच्या गावात एक महाराज बसू लागला, तिकडे वळले.

कल्पनाच्या सासूने मात्र मावशीला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. ती म्हणायची, "शुक्रवार व्हता. आईचा वारच नव्हता. म्याच चुकले." मावशी मला म्हणाली, "ती शिव्या देती तं बरं झालं असतं, ताई. ती अजून मला हात जोडती. मला तिच्या गल्लीतून जावं वाटत न्हाई."

आमच्या सरांना हे कळलं तेव्हा त्यांना खरोखर आनंद झाला. एक बाई स्वतःहून अंधश्रद्धेतून बाहेर पडली, गावासमोर कबूल केलं, केवढं धैर्य! त्यांनी तालुक्याच्या मेळाव्यात तिचा सत्कार ठरवला आणि निरोप घेऊन मलाच पाठवलं. मावशी अंगणात हळद वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "शाल कशापायी?" तिने विचारलं. "पोरगी मेली म्हनून?" मी तो निरोप पुन्हा काढला नाही. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना ती बाई दिसत नव्हती, तिची गोष्ट दिसत होती.

त्याच हिवाळ्यात पूजाचा बाप पुन्हा सोयरीक घेऊन आला. या वेळी त्याने गाजावाजा केला नाही. आम्हाला कळलं तेव्हा मावशी आपणहून म्हणाली, "चला, म्या येते." आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या आवाजात एका पुरुषाशी भांडायला निघाली होती. त्याच्या दारात ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "दादा, पोरीला शिकू द्या. तुमच्या पाया पडते." खरंच वाकली ती. त्याने तिला उठवलं, पाट दिला, पाणी दिलं. मग म्हणाला, "आईनं सांगितलं असतं तं ऐकलं असतं. तुमी कोन, रुखमाबाई?" आत पूजा चुलीपाशी बसली होती. तिने वर पाहिलं नाही. लग्न दुसऱ्याच गावात, नातेवाइकांकडे उरकलं. तक्रार करायला सुनंदा आणि मी निघालो, तोवर वरात निघून गेली होती.

परत येताना मावशी वाटेत थांबली. म्हणाली, "तुमचे सर म्हनतात, देव मधी आनू नका. बराबर हाय त्यायचं. म्या आनला, अन् एक लेकरू गेलं. आता न्हाई आनला, तं दुसरं गेलं. मंग मधी कोन उभं ऱ्हायल, ते बी इचारून या त्यायला." मी विचारलं नाही. सरांकडे उत्तर असतं, पण ते कागदावरचं असतं, आणि तिला ते वाचता आलं नसतं.

पुढे माझी बदली वसमतकडे झाली. कुरुंद्याच्या बाजूच्या गावांत मी तेच काम करते. तिथेही बायकांच्या अंगात येतं. आमच्या नव्या मुली हसतात. मी हसत नाही, आणि त्या अंगणांत जाऊन बसतही नाही. काय करावं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुनंदाचा फोन आला, "मावशी गेल्या." काही दिवस ताप होता. आपल्याला दवाखान्यात न्या असं त्या कुणाला म्हणाल्याच नाहीत, असं ती म्हणाली. मी पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. माणसं थोडीच होती, रोजगाराच्या दिवसांत असतात तेवढी. नवरा भिंतीला टेकून बसला होता. स्मशानात दोन शब्द बोलायची तिथे पद्धत आहे. गावातले एक वयस्कर गृहस्थ पुढे झाले. टोपी नीट केली, घसा साफ केला आणि मनापासून म्हणाले, "लई गरीब बाई व्हती. जन्मात कधी कुनापुढं तोंड उघडलं न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुनंदाने माझा हात धरला होता, तो इतका घट्ट दाबला की बांगडी मनगटात रुतली.