पडवीतली वाकळ

आमच्या सासरी पाळी लपत नाही. पडवीच्या कोपऱ्यात एक जुनी वाकळ आणि पितळी तांब्या कायमचे ठेवलेले. जिला कावळा शिवला तिने चार दिवस तिथं बसायचं. पडवी नेमकी रस्त्याच्या तोंडाशी, त्यामुळे येता-जाता बाया बघतात, हसतात, पुढे जातात. बीएस्सी झालेली मी लग्न होऊन सुप्याजवळच्या या गावात आले, पहिल्याच महिन्यात तिथं बसले आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या. त्याच वाकळेवर बसायला मिळावं म्हणून पुढे देवाला हात जोडशील, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

त्यानंतर पाळी आलीच नाही.

मला नवल वाटलं नाही, भीती वाटली. कॉलेजपासून माझं असंच. महिनोन्महिने काही नाही, हनुवटीवर राठ केस, कमी खाऊनही वाढणारं वजन. आई म्हणायची, "लग्न झालं की सगळं मार्गी लागतं." लग्न झालं, मार्गी काहीच लागलं नाही. रोज सकाळी कडी लावून चिमट्यानं हनुवटी साफ करायची आणि वाट बघायची. नवऱ्यानं कंपनीतून येताना मेडिकलमधून चाचणीची पट्टी आणली. तिच्यावर एकच रेघ उमटली.

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, मी त्यांना आत्याच म्हणते, यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होती रिकामी वाकळ. सून बसत नाही म्हणजे दिवस गेले, हा त्यांचा सरळ हिशोब. त्यात तिसरा महिना सरेपर्यंत याविषयी तोंडातून शब्द काढायचा नाही, दृष्ट लागते. म्हणून त्या विचारीनात आणि मला सांगता येईना. जे कुणी बोललंच नाही ते नाकारणार कसं? त्या नुसत्या माझ्या हातातला हंडा काढून घ्यायच्या. पपई घरात यायची बंद झाली. एकदा उशाशी चिंचा ठेवलेल्या सापडल्या. मला रडू आलं, आणि मग त्यांचाच राग आला. प्रत्येक लाडागणिक माझी भीती वाढत होती. खरं कळल्यावर याच बाईची नजर कशी होईल? पोर न झालेल्या बाईला हळदीकुंकवाला कसं आठवणीनं विसरतात, ते मी याच गावात पाहिलं होतं.

"आईला मी सांगतो," नवरा म्हणायचा. मग जेवायचा आणि झोपायचा.

शेवटी बँकेत काम आहे असं सांगून आम्ही नगरला गेलो. दवाखान्याच्या भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो होते. मी सगळा वेळ फरशीकडे बघत बसले. सोनोग्राफी बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "पीसीओएस आहे. बीज दर महिन्याला पिकून बाहेर पडत नाहीये. मूल होणार नाही असा याचा अर्थ नाही. पाळी यायला गोळ्या देते. आली की दुसऱ्या दिवशी या, मग पुढचं औषध सुरू करू." त्यातलं 'होणार नाही' एवढंच माझ्या कानात राहिलं. एसटीत नवऱ्यानं माझा हात धरला, तर त्याचाही तळवा घामानं ओला होता.

गोळ्या संपल्या आणि काही दिवसांनी सकाळीच पोटात कळ आली. रक्त बघून मला आनंद झाला आणि दुसऱ्या क्षणी पडवी आठवली. आता वाकळेवर बसावं लागणार होतं.

जाऊन बसले. आत्या अंगण झाडत होत्या. हातातला खराटा टाकून त्या धावत आल्या आणि शिवाशिव विसरून त्यांनी माझा खांदा धरला.

"पडलं काय गं, बाई?"

नुसती मान हलवायची होती. पडलं म्हणजे निदान राहिलं तरी होतं. अशा बाईसाठी सगळे हळहळतात, पुन्हा राहील म्हणतात. पण पुढच्या खेपेला वाकळ रिकामी राहिली की पुन्हा चिंचा, पुन्हा तेच. ते मला झेपलं नसतं.

"काही नव्हतंच, आत्या. माझी पाळीच वेळेवर येत नाही. आजार आहे. औषध चालू केलंय."

त्यांचा हात माझ्या खांद्यावरच राहिला. तेवढ्यात रस्त्यावरून शेजारच्या चुलत सासूबाईंनी हाक दिली, "सूनबाई आज बसली व्हय गं?"

आत्यांनी मला दंडाला धरून उठवलं. वाकळ गुंडाळून काखेत मारली.

"न्हाई बसली. आमी ते बंद केलंय. माजं गुडघं लई दुखत्यात. चार चार दिस भाकरी कोन थापनार?"

"आन देवाचं?"

"देवाला बी भाकर लागतीच की."

हेच गुडघे घेऊन त्या आदल्या दिवशी शेतात दिवसभर खुरपत होत्या. चुलत सासूबाई पदर सावरत पुढे गेल्या.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडखळले. "ये आत," आत्या म्हणाल्या आणि परात माझ्याकडे सरकवली. मी पीठ मळायला घेतलं. पाणी जास्त पडलं. एरवी बोलल्या असत्या. आज त्यांनीच वरून मूठभर पीठ टाकलं. तव्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "व्हईल ना गं?"

"डॉक्टर म्हणतात होईल. उद्या नगरला बोलावलंय."

"आन तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते, आत्या."

"मला बी," त्या म्हणाल्या. "उद्या मी येते बरूबर."