होडीएवढं जाळं

“जाळं दर्याएवढं विणू नये, होडीएवढं विणावं.”

हौसा डोर्लेकर हे दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. शेजारणीने उसने दागिने घालून लग्नाला जायचं काढलं की म्हणायची, पाहुण्याने ताटात भाताचा डोंगर घेतला तरी त्याच्या तोंडावर म्हणायची. हे बोल तिला सासूने दिले होते. सासूने आणखी एक गोष्ट दिली होती, आणि ती बोलांपेक्षा मोलाची होती. ती म्हणजे वाट.

वाट म्हणजे नुसता रस्ता नव्हे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी उचलायची आणि ती वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत नेऊन विकायची, हा हौसाच्या वाडीतल्या बायकांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. कुणी कुठल्या गावांत जायचं हे आज्या-पणज्यांच्या वेळी ठरलेलं. एकीच्या वाटेवर दुसरीने मासळीची पाटी उतरवायची नाही. त्याला कागद नाही, सही नाही, तरी कुणी मोडलं नाही. अट एकच. पावसाळ्यातली बंदी उठून दर्या उघडला की पहिल्या तीन फेऱ्यांना बाई आपल्या वाटेवर दिसली पाहिजे. तिन्ही चुकल्या, की वाट मोकळी झाली. मग हवी तिने पाटी घेऊन जावं, तिला कुणी नाव ठेवणार नाही.

हौसाची वाट सगळ्यांत लांब. हातखंबा मागे टाकायचा, पाली मागे टाकायची, देवरूखही मागे टाकायचं आणि डोंगराच्या कुशीतल्या आंबवकोंडापर्यंत जायचं. सासू एसटीच्या टपावर पाट्या चढवून जायची. हौसाच्या वेळी विनोदचा टेम्पो आला. त्यात पाचजणी बसायच्या, आणि विनोदला नेमकी चढावर झोप यायची. “मेल्या, तू झोपलास तर पाच घरांत रडारड होईल. त्यापेक्षा मला शिकव,” म्हणत हौसा पंचेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंगला बसली. लुगड्याचा पदर कमरेला खोचून तिने वर्षभरात लायसनही काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने हसत विचारलं होतं, “मावशी, गाडी चालवायची आहे की फोटो काढायचाय?” ती म्हणाली, “तुम्ही बाजूला बसा. उतरल्यावर पाय कापले नाहीत तर सही करा.” साहेबाने सही केली.

यंदा शिमगा झाला आणि विनोदने टेम्पो विकून टाकला. चिपळूणला एका कारखान्यात नोकरी धरली. बाकी चौघींच्या वाटा जवळच्या, त्यांचं रिक्षावर भागलं. आंबवकोंडाला कोण रिक्षावाला जाणार? आणि ओल्या पाट्या घेऊन एसटीत चढलं की आता लोक नाक मुरडतात. तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या हौसाने ठरवलं, आपली गाडी घ्यायची. तीही विजेवरची. कारण विचारलं तर सांगायची, “डिझेलचा वास मासळीला लागतो. सोळा वर्षं गिऱ्हाईकं गप बसून खात होती, म्हणून काय मला कळत नव्हता?”

लेक गौरव मुंबईजवळ ऐरोलीला नोकरीला, बायको वेदिकाही तिथेच. तो मुद्दाम रजा काढून आला आणि तिला शोरूममध्ये घेऊन गेला. गाडी एकच, बॅटऱ्या दोन, एक लहान नि एक मोठी. गौरव म्हणाला, “आई, मोठीच घेऊ. वाटेत एकदा चहाला थांबलं, तेवढ्यात जरा चार्ज केली, की थेट ऐरोली.” हौसाने मान हलवली. खरं सांगायचं तर तिलाही मोठीची भुरळ पडली होती. संध्याकाळी बंदरावर जाऊन ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “सगळ्यात मोठी सांगितलीय.” बायका गप्प झाल्या, आणि तो गप्पपणा तिला गोड लागला. जन्मभर दुसऱ्यांना होडीएवढं जाळं विणायला सांगणाऱ्या बाईने त्या दिवशी दर्याएवढं जाळं विणायला घेतलं.

आषाढात एका रविवारी गौरवचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज म्हणाला, “आणि हो, शोरूमचा फोन होता. मोठ्या बॅटरीला वेळ लागतोय. गाडी दिवाळीनंतर.”

हौसा चुलीपाशी सुकट निवडत होती. तिचा हात थांबला. “दर्या पुढच्या महिन्यात उघडतो.”

“अगं, किती वर्षं पाटी वाहणार आहेस? सोड आता. दिवाळीपर्यंत इकडे येऊन राहा. वेदिकासुद्धा म्हणते, आईंनी आता आराम करावा. गाडी आली की मी येईन, घर बंद करू आणि तीच गाडी घेऊन इकडे येऊ.”

हौसाने फोन ठेवला आणि सुकटीचं सूप मांडीवर तसंच घेऊन बसून राहिली. तिला एकदम सगळं दिसलं. पोरगा वाईट नव्हता. पण त्याने बॅटरी मोजली होती ती रत्नागिरीपासून ऐरोलीपर्यंत, एकाच दिशेने. परतीचं अंतर त्याने धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भरपावसात ती शोरूममध्ये गेली. तिथे संस्कृती नावाची मुलगी बुकिंगचं काम बघायची.

“बाय, मला लहान बॅटरीची गाडी पाहिजे. कधी मिळेल?”

“लहान आहे मावशी, पंधरा दिवसांत येईल. पण पांढऱ्या रंगातच. तुम्ही तर निळी मोठी सांगितलेली.” संस्कृतीने फोन उचलला. “थांबा हां, सरांना एकदा विचारते.”

“कुठल्या सरांना?”

“गौरव सरांना. त्यांचाच नंबर आहे ना आमच्याकडे.”

“त्या सराला मीच जन्म दिलाय गो. पावतीवर नाव कोणाचा हाय?”

संस्कृतीने पावती बघितली. “तुमचं.”

“मग सर मी.”

मागच्या टेबलावरचा माणूस हसला आणि हौसाने बघितल्यावर खोकला. संस्कृती मात्र हसली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली. “मावशी, माझं काम आहे म्हणून सांगते. लहान बॅटरी घेऊन नंतर लोक पस्तावतात. जास्त पल्ला असलेला बरा नाही का?”

“कोणाच्या पल्ल्याला? माझी वाट जाऊन-येऊन किती, बघ तुझ्या त्या फोनवर. शेवट आंबवकोंड.”

संस्कृतीने बघितलं. “एकशेवीस धरा.”

“आणि लहान बॅटरी किती जाते?”

“कागदावर पुष्कळ लिहिलंय. चढ-उतार, पाऊस, ओझं धरून मी दोनशेच म्हणेन.”

“मग उरलेल्यात मी सांजची देवळात जाऊन येईन. नसती बॅटरी वाहून न्यायची कशाला? होडीत वजन न्यायचा ता मासळीचा.”

“म्हणजे तुम्ही नव्या गाडीत मासळी नेणार?”

“नायतर काय, आरशात बघत बसू?”

संस्कृतीने नवा फॉर्म भरला, आणि फोन नंबरच्या रकान्यात हौसाचा नंबर लिहिला.

बंदरावर ही बातमी हौसाच्या आधी पोचली. त्या चौघींतल्या कमळाची वाट पालीपर्यंतची, म्हणजे हौसाच्या वाटेला लागूनच. नुसता रस्ता लांबवला की आंबवकोंड तिच्या हातात येणार होतं. जाळी पसरून बसलेल्या बायकांत ती मोठ्याने म्हणाली, “काय गो हौसा, हत्ती सांगितलास नि मांजर येतेय म्हणे?”

सगळ्या हसल्या. हौसाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे ऐकावं लागणार हे तिला शोरूमची पायरी चढतानाच ठाऊक होतं. ती म्हणाली, “मांजरच बरी. मासळीच्या वाटेवर हत्तीचा काय काम?” आणि या खेपेला हसू कमळाच्या वाट्याला आलं.

गौरवचा फोन त्याच रात्री आला. त्याने शोरूमला फोन करून बदल रद्द करायला सांगितलं होतं, आणि संस्कृतीने “सर, पावतीवर नाव मावशींचं आहे” म्हणून त्याला वाटेला लावलं होतं. तो चिडला होता.

“आई, ती गाडी इथपर्यंत यायची नाही!”

“ठाऊक हाय.”

“म्हणजे तू यायची नाहीस.”

“येईन की. रेल्वेने येईन, आठ दिवस राहीन, वेदिकाच्या हातचा खाईन आणि माघारी येईन. गाडी मुंबईला यायला घेतली नाय, बाळा. गाडी वाटेला घेतली.”

मग गौरव म्हणाला, “मध्येच गाडी बंद पडली तर मला फोन करू नकोस.”

“विनोदला करीन. तो झोपलेला असला तरी उचलतो.”

गाडी आली. बगळ्यासारखी पांढरी, बुटकी. हौसाने मागची सीट आडवी केली, प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, त्यावर बर्फाचे डबे आणि रिकामी पाटी ठेवली. नारळी पौर्णिमेला गौरव आला. नारळ दर्यात सोडून झाला, आणि दोन दिवसांनी पहिल्या फेरीला तो न बोलता गाडीत येऊन बसला. बंद पडलेली बघायला आला होता की काय, ते त्याचं त्याला ठाऊक. सबंध वाटभर त्याची नजर समोरच्या पडद्यावरच्या आकड्यावर. हौसाची नजर रस्त्यावर. हातखंब्याच्या चढावर आकडा भराभर उतरला, तेव्हा तो ताठ बसला. पुढे उतार लागला आणि आकडा थबकला, जणू दम खाऊन पुन्हा चालू लागला. पालीला ती कुणाशी दोन शब्द बोलायलाही थांबली नाही. कमळाच्या वाटेवर पाटी उतरवायची नाही म्हणजे नाही. देवरूखच्या अलीकडे-पलीकडे चार वाड्यांत बांगडा आणि कोळंबी संपली, आंबवकोंडाची मासळी तेवढी शेवटच्या डब्यात राहिली. शेवटी भातखाचरांतून वर चढत गाडी आंबवकोंडाच्या माथ्यावर आली. तिथे डांबर संपतं. पुढे जांभ्या दगडांची पाखाडी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते, आणि वाडी त्या पायऱ्यांच्या तळाशी.

खाली अंगणात एक म्हातारी पावसामुळे डोळ्यांवर हात आडवा धरून उभी होती. चिमा. हौसाच्या सासूच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक.

“हौसाच काय गो ती?” खालून आवाज आला. “कमळा सांगून गेलेली, यंदापासून ती येणार म्हणून!”

“तिला सांग, पाली सांभाळ!” हौसा वरून ओरडली. “तव्यावर तेल टाक, आलंय मी!”

मग तिने पडद्याकडे पहिल्यांदा बघितलं. “किती उरली रे?”

“अर्धीच्या वर,” गौरव म्हणाला. आवाज बारीक होता.

हौसाने शेवटच्या डब्यातली मासळी बर्फासकट पाटीत भरली. डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून ती भरल्या पाटीसमोर वाकली. भरली पाटी एकट्या बाईला डोक्यावर चढत नाही, समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. गौरव खाली उतरला. एवढ्या वर्षांत पाटीला त्याचा हात कधी लागला नव्हता. बर्फाचं पाणी त्याच्या ऑफिसच्या शर्टावर सांडलं. त्याने पाटी उचलली आणि आईच्या डोक्यावर ठेवली.

“मी घेऊन जाऊ का खाली?”

“तुला नाय जमायचा. पायरी शेवाळलीय. गाडी वळवून ठेव.”

आणि ती निघाली. मान ताठ, एक हात पाटीला, एक हात मोकळा, पावसाने काळ्या झालेल्या एकेका पायरीवर अनवाणी पाऊल मोजून टाकत. गौरवने गाडी वळवली नाही. दार उघडं ठेवून तो तसाच पावसात उभा राहिला आणि बघत राहिला, आणि खालून चिमा बघत राहिली.