तंबाखू ज्याची त्यानं मळायची

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर साल असावं. तासगावजवळच्या एका वस्तीवर मी आजारी माणसाची निगा राखायला जात होते. फौजेतून निवृत्त झालेले मामा, अर्धांगवायूनं डावी बाजू लुळी पडलेली. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, सांधे रोज हलवा, नाहीतर एकदा आखडले की सुटायचे नाहीत.

घरचे मात्र मामांना काडी उचलू देत नव्हते. पाणी तोंडाला, घास तोंडाला. मामी तर तंबाखूसुद्धा स्वतः मळून त्यांच्या ओठाखाली सरकवायच्या. इकडे मामांच्या डाव्या हाताची मूठ दिवसेंदिवस घट्ट वळत चालली होती. मला संताप यायचा. असली कसली माया? जिवंत हाताला कुलूप घालणं होतं ते.

मी खांदा, कोपर सावकाश फिरवायची. मनगट आतल्या बाजूला वाकवलं की बोटं सैल पडतात. मग एकेक बोट उलगडायची. मामा कळवळायचे, शिव्या हासडायचे. बाकी बोलणं अडखळत, शिव्या मात्र खणखणीत. एक दिवस मी मामींच्या हातातली तंबाखूची चंची सरळ काढून घेतली. "आजपासून तंबाखू ज्याची त्यानं मळायची. डाव्या तळव्यावर घ्यायची, उजव्या अंगठ्यानं मळायची."

"आवं बाई, माणूस हाय का दगूड तुमी?" मामी रडायलाच लागल्या. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण तलफ कुणाला चुकली आहे? मूठ उघडून घ्यायला ते आपणहून हात पुढं करू लागले.

मामींचं गाऱ्हाणं मळ्यात पोचलं. मामांचे थोरले भाऊ तरातरा आले आणि दारातूनच गरजले, "बाई, उद्यापास्नं यिऊ नका. आमच्या धाकट्याला लय छळलंसा."

"मी येणार," मी म्हटलं. "मूठ कायमची मिटली तर उघडायला तुम्ही येणार आहात का?"

ते आणखी काही बोलणार, तोच खाटेवरून चट् असा आवाज आला. मळून झाल्यावर चुना झटकायला तळव्यावर मारतात ती थाप. निम्मी तंबाखू धोतरावर सांडली होती. उरलेली मामांनी, उजव्या हाताचा आधार देत, उघड्या डाव्या तळव्यावर भावापुढं धरली. आमच्याकडं पुढं केलेली तंबाखू नाकारत नाहीत. थोरल्यांनी चिमूट उचलली, ओठाखाली दाबली, आणि बोलायची सोयच संपली. मी पदर खोचला आणि मामांचा खांदा फिरवायला घेतला.